सातवा लोफ उभा राहिला, आणि दोष पिठाचा नव्हता

काल रात्री पावणेअकराला सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या ब्रेडवरचं झाकण उचललं आणि पहिल्यांदाच कान दिसला! भाजण्याआधी ब्लेडने दिलेल्या चिरेची कड सुटून वर आलेली, रंग गडद तपकिरी. जाळीवर ठेवल्यावर पाच-सात मिनिटं क्रस्ट तडतडत होता. मी आणि लेक दिवा न लावता ऐकत बसलो.

मागचे सहा लोफ फसले, त्यांची कथा अशी. 72 टक्के हायड्रेशन (पिठाच्या वजनाच्या मानाने पाणी), 20 टक्के स्टार्टर (पीठ-पाणी आंबवून वाढवलेलं विरजण), सगळं नेहमीचं. पण बल्क, म्हणजे मळल्यानंतरचं पहिलं लांब फुगणं, संपत आला की पीठ ढिलं पडायचं, शेपिंगला घेतलं की बोटांना चिकटून तुटायचं. मी गिरणीवर खापर फोडलं. चक्कीचं पीठ बंद करून महागडा ब्रेडचा मैदा आणला, पाणी 65 टक्क्यांवर आणलं. तरी पसरट चकतीच.

शेवटी रविवारी त्याच मैद्याचे दोन गोळे मळले. एकात फक्त पाणी आणि मीठ, दुसऱ्यात पाणी, मीठ आणि वर स्टार्टरही. दोन्ही ओट्यावर शेजारीशेजारी ठेवले, हवा 32 अंश. चार तासांनी पहिला गोळा ताणला, तर पापुद्र्यातून ट्यूबलाइट दिसली. दुसरा बोटभर ताणला की फाटत होता, वास व्हिनेगरसारखा. पीठ बिचारं निर्दोष. ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्याची, वाट स्टार्टर लावत होता.

स्टार्टरमध्ये यीस्टच्या एका पेशीमागे आम्ल तयार करणारे लॅक्टिक बॅक्टेरिया साधारण शंभर असतात. सावरडोत हमखास सापडणारं जंगली यीस्ट, कझाकस्तानिया ह्युमिलिस, 27 अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात वाढतं. बॅक्टेरियांना 32-33 मानवतं. म्हणजे ठाण्यातल्या ऑक्टोबरच्या स्वयंपाकघरात यीस्ट मागे राहतं आणि आम्ल पुढे पळतं. त्या आम्लात गव्हातलीच प्रथिनं तोडणारी एन्झाइम कामाला लागतात. त्यात मी 1:1:1 फीड करत होते (जुना स्टार्टर, नवं पीठ, पाणी सारख्याच वजनाचं), म्हणजे जुना आंबटपणा दर वेळी नव्या पिठात जात होता.

मग फीड 1:5:5 केलं आणि बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली, सोबत बर्फाची बाटली, दर दोन तासांनी बदलायची. तीन दिवसांत वास बदलला, पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर झाला. पिठासाठी पाण्याचा हिशोब मांडला: पीठ आणि हवा 32, स्टार्टरही तेवढाच धरला, आणि पाणी धरून चौघांची सरासरी, म्हणजे मळलेलं पीठ, हवं 26. 26 चोक 104, त्यातून 96 वजा, पाणी 8 अंशांचं. बल्कही त्याच खोक्यात, साडेपाच तास. गोळा बाहेर काढला तेव्हा बाऊल हलवल्यावर थुलथुलत होता, पण हाताला चिकटला नाही.

बॅनेटनबद्दल, म्हणजे शेप दिलेला गोळा फुगायला ठेवायच्या टोपलीबद्दल, काहींनी विचारलं होतंत. ऑनलाइन घेऊ नका. बुरुडाकडची गोल टोपली घ्या, आत जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर तांदळाची पिठी. माझी दोन वर्षं टिकली आहे.

पुढचा लोफ खपली गव्हाचा करायचा ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. बर्फाच्या बाटल्या बदलत बसण्यापेक्षा उकाड्यातच वाढलेलं यीस्ट का आणू नये? गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पाव सुरेनेच, म्हणजे माडीनेच फुगवायचे. माडावरून उतरवलेली माडी काही तासांतच फेसाळते, तीही किनाऱ्यावरच्या उन्हात. त्यात मुख्यतः सॅकरोमायसीस सेरेव्हिसी असतं आणि ते तिशीच्या पुढेही मजेत वाढतं. तेव्हा खपली लांबणीवर. दिवाळीत वेंगुर्ल्याला सासरी जातेय, सकाळची ताजी माडी काढून ठेवायला दिरांना आत्ताच फोन केला. 50 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम माडी, बरणी ओट्यावर, खोका न वापरता. जुना स्टार्टर शेजारीच ठेवणार, किती फुगतं ते कळायला रोज दोन्ही बरण्यांवर रबरबँडची खूण.