वाघांच्या आकड्यापलीकडचा कॉर्बेट

२५ जुलै, रात्री

आज नरभक्षक वाघ-बिबट्यांचा शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेटचा जन्मदिवस. १८७५ साली नैनितालमध्ये जन्मला. सकाळपासून मोबाईलवर जे येतंय ते सगळं एकाच साच्यातलं. हातात रायफल, पायाशी वाघ आणि खाली आकडे. चंपावतची वाघीण, ४३६ बळी. पनारचा बिबट्या, ४००. रुद्रप्रयागचा बिबट्या, १२५. धावफलकच लावलाय जणू. जेवण झाल्यावर कपाटातली त्याची पुस्तकं काढली आणि चिडचिड कमी व्हावी म्हणून लिहायला बसले.

या माणसाचं मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर तो एका लहानशा गावाचा माणूस होता. वडील नैनितालचे पोस्टमास्तर. मोठं कुटुंब, हा आठवा. १८८० च्या सप्टेंबरात नैनितालचा डोंगर खचून १५१ माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. जिमला सहावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आईने उन्हाळ्यात थंड हवेला येणाऱ्या साहेबलोकांना बंगले भाड्याने मिळवून द्यायचा व्यवसाय केला आणि घर चालवलं. म्हणजे 'साहेब' असला तरी साहेबांच्या पंक्तीत हे कुटुंब मानाच्या पाटावर नव्हतं. इथेच जन्मलेले, इथेच राहणारे, पोटासाठी धंदा करणारे गोरे. विलायतेहून आलेले अधिकारी अशांकडे जरा वरूनच पाहायचे. हे लक्षात ठेवलं नाही, तर त्याच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी कळत नाहीत असं मला वाटतं.

हिवाळा लागला की सगळं बिऱ्हाड डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगीला यायचं. रान तिथं परसातच. आधी गलोल, मग धनुष्य, मग नात्यातल्या एका भावाने दिलेली ठासणीची दुनळी बंदूक. तिची उजवी नळी फुटलेली, त्यामुळे उरला तो डावा बार. एक बार चुकला की संपलं. या फुटक्या बंदुकीने त्याला जे शिकवलं ते चांगल्या बंदुकीने शिकवलं नसतं. उगाच बार टाकायचा नाही, जवळ जाता आलं पाहिजे, आणि जवळ जायचं तर रान काय बोलतंय ते आधी कळलं पाहिजे.

रानाची बाराखडी गिरवून घेणारा गुरूही मोठा अजब. कुंवर सिंह, शेजारच्या एका गावाचा मुखिया, ठाकूर, आणि त्या भागातला नावाजलेला चोरटा शिकारी. कायद्याच्या हिशेबात गुन्हेगार. पुढे हा कुंवर सिंह अफूच्या नादी लागून मरायला टेकला, तेव्हा कॉर्बेट त्याच्या खाटेशी गेला, अफूला पुन्हा शिवणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली आणि म्हातारा त्यानंतर काही वर्षं जगला. वाघांच्या याद्यांत कुंवर सिंह कुठेच नसतो. मला मात्र कॉर्बेट म्हटलं की हा खाटेवरचा म्हातारा आधी आठवतो.

२६ जुलै

दुपारी त्याच्या 'माय इंडिया' पुस्तकातला मोकामाघाटचा भाग पुन्हा वाचला. हा भाग लोक गाळून वाघाकडे धावतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

शिक्षण फार पुढे गेलं नाही. घरची ओढाताण होती, म्हणून वयात यायच्या आत रेल्वेत चिकटला, इंजिनांसाठी लाकूड तोडून घ्यायच्या कामावर. तेव्हा इंजिनात कोळशाऐवजी लाकूड जळायचं, म्हणजे रानावर जीव असलेल्या पोराची पहिली नोकरी रान तोडायची. त्यानंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामाघाटला मालाची चढउतार करायचा ठेका त्याने घेतला. नदीच्या एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद. त्यामुळे प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून, नदीपार नेऊन दुसऱ्या गाडीत भरायचं. यंत्र नाही, सगळं डोक्यावर. वर्षाला लाखो टन माल. वीस वर्षांहून जास्त काळ त्याने हे काम केलं. ज्याचं आयुष्य रानात गेलं असं आपण समजतो, त्याची उमेदीची वर्षं गंगेच्या वाळूत हमालांबरोबर गेली. रानात तो जायचा ते रजेवर. नरभक्षकांच्या मागावरही बरेचदा तसाच, नोकरीतून सवड काढून आणि स्वतःच्या खर्चाने.

सुरुवातीचे महिने रेल्वेने पैसेच दिले नाहीत. माणसं एक वेळ जेवून काम करत राहिली, हाही त्यांच्याबरोबर. मला सगळ्यात भावते ती तिथली शाळा. स्टेशनमास्तर रामसरन आणि त्याने मिळून कामगारांच्या पोरांसाठी एका खोपटात शाळा काढली. जात आडवी आली. वरच्या जातीची पोरं खालच्या जातीच्या पोरांबरोबर एका खोलीत कशी बसणार? रामसरनने तोड काढली. खोपटाच्या भिंतीच काढून टाकल्या. भिंती गेल्या, राहिलं छप्पर. एका 'खोलीत' बसायला बंदी होती, एका छपराखाली बसायला कुणाची हरकत नव्हती! जात मेली नाही हे उघड आहे. पण पोरं शिकली. भाषणं देणाऱ्यांना हे सुचलं नसतं. आणि कॉर्बेटने याचं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, रामसरनचं रामसरनला दिलं, हेही नोंदवून ठेवते.

त्या घाटावरचा त्याचा मुकादम चमारी, नावावरूनच जात कळावी असा. त्याच्या हाताखाली वरच्या जातीचे लोकही काम करत. तो पटकीने गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला सगळ्या थरांतली माणसं लोटली. हे सगळं कॉर्बेटने किती साधेपणाने लिहिलंय! वाघाच्या गोष्टीत जशी नजर, तशीच इथेही. कोण कुठे बसलंय, कोण गप्प आहे, कुणाचं पाऊल जड पडतंय.

२७ जुलै

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आज शिकारीबद्दल लिहायचंच.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीवर जाताना त्याने सरकारला दोन अटी घातल्या. जाहीर केलेलं बक्षीस रद्द करा, आणि पाठवलेले बाकीचे शिकारी व शिपाई माघारी बोलवा. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणती नको, आणि गर्दीत कुणाची चुकार गोळी लागून मरायचंही नाही. २०१८ मध्ये आपल्याकडे पांढरकवड्याच्या वाघिणीवरून जो गदारोळ झाला, माणसं, हत्ती, कॅमेरे, कोर्ट, टीव्ही, तेव्हा मला या दोन अटी सारख्या आठवत होत्या. वाघीण मारावी की मारू नये यावर लोक भांडत होते. ज्या गावांत माणसं मेली, तिथल्या बायका शेतात कशा जात असतील हे विचारणारे फार थोडे.

चंपावतची वाघीण मारल्यावर त्याने तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे सुळे तुटलेले, वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. म्हणजे कुणीतरी नीट नेम न धरता बार टाकला, जखमी जनावर तसंच सोडून दिलं, आणि त्याची किंमत नेपाळ-कुमाऊंतल्या ४३६ माणसांनी मोजली. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशी झुंजली होती. एक डोळा गेलेला, पुढच्या पायात पन्नासएक काटे रुतलेले. रुद्रप्रयागचा बिबट्या आला १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, जेव्हा प्रेतं जाळायलाही माणसं उरली नव्हती. प्रत्येक वेळी तो हेच विचारतो की हे जनावर माणसाकडे वळलंच का. रानात राहणाऱ्यांना हा प्रश्न सुचत नव्हता असं नाही. पण बंदूक हातात असलेल्या साहेबाने तो विचारायचा, हे त्या काळात विरळाच.

मला मनापासून आवडणारा प्रसंग चौगडच्या वाघिणीचा, १९३० च्या एप्रिलमधला. चौसष्ट माणसं खाल्लेली वाघीण. तिच्या मागावर असताना वाटेत त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. नेहमीपेक्षा वेगळी होती, म्हणून संग्रहासाठी उचलून डाव्या हातात घेतली. हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. मग नाल्यातल्या एका मोठ्या शिळेला वळसा घालताना मागे नजर गेली तर वाघीण काही फुटांवर बसलेली, त्याच्याकडेच बघत. डाव्या हातात अंडी, उजव्या हातात रायफल. जरा झटकन हलला असता तर तिने झेप घेतली असती. त्याने एकाच हाताने, इंचाइंचाने रायफल फिरवली आणि गोळी घातली. नंतर काय केलं? परत जाऊन अंडी होती तिथे ठेवली. अर्ध्या तासाने पाहिलं तर पक्षीण परत अंड्यांवर बसलेली. चौसष्ट माणसांचा सूड घेऊन आलेला शिकारी, आणि त्याला अंड्यांची काळजी! बंदुकीच्या दस्त्याशी फोटो काढणाऱ्यांनी हे वाचलंय की नाही कुणास ठाऊक.

पण त्याला संत करायची मला हौस नाही. व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी वाघांच्या शिकारी यानेच जुळवून दिल्या, आणि तेही अशा वर्षांत जेव्हा वाघ संपत चाललाय हे तो स्वतः सांगत होता. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क झालं, त्यामागेही त्याची खटपट होती. दोन्ही खरं. बंदूक बाजूला ठेवून त्याने सिनेकॅमेरा घेतला, पण वाघ कॅमेऱ्याच्या घरघरीने बुजायचे. वाहत्या पाण्याच्या आवाजाला जनावर बुजत नाही हे त्याला माहीत होतं. मग रानातल्या एका ओढ्यावर बांध घालून त्याने पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्या आवाजाच्या आडोशाने चित्रण केलं. कॅमेरे तेव्हा बऱ्याच साहेबांकडे होते. ही युक्ती सुचायला कालाढुंगीत वाढावं लागतं.

२८ जुलै

शेवटचं लिहायचं राहिलं होतं, आणि तेच लिहायला जड जातंय.

कालाढुंगीलगत छोटी हल्द्वानी नावाचं गाव त्याने विकत घेतलं. कुळं वसवली, रानडुकरांपासून पिकं वाचावीत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली, स्वतःचं घर बांधलं. लोक त्याला 'कार्पेट साहेब' म्हणत. आजारी माणूस त्याच्या ओसरीवर यायचा, भांडणही तिथेच मिटायचं. लग्न केलं नाही, बहीण मॅगीनेही नाही, ती कायम सोबत. पुस्तकाने नाव झालं तेव्हा सत्तरीला टेकला होता. त्या पहिल्या पुस्तकाचं उत्पन्न त्याने युद्धात आंधळ्या झालेल्या हिंदी सैनिकांसाठी दिलं.

आणि १९४७ च्या अखेरीस दोघं बहीणभाऊ देश सोडून केनियाला गेले.

का, याचं उत्तर शोधताना लोक एक तर हळवे होतात नाही तर चिडतात. मला दोन्ही जमत नाही. ज्याला प्रत्येक झाडावरचं वानर ओळखीचं, ज्याने नरभक्षकांच्या वाटेवर रात्री काढल्या, त्याला शेजाऱ्यांच्या राज्यात राहायची भीती वाटली. राज्य बदलल्यावर आपल्याला इथे कुणी विचारील का, ही शंका. शेजाऱ्यांनी त्याला काही म्हटल्याचं तर माझ्या वाचनात नाही. गोऱ्यांत पुरता न मिसळलेला, आपल्यांत कायम वरच्या पायरीवर बसलेला. ती पायरी निघाली, तेव्हा खाली उतरून बरोबरीने बसायचं कसं हे त्याला उमगलं नसावं. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ते मायबापाचं प्रेम होतं, भावाचं नव्हे. 'मायबाप' ही भूमिका इंग्रज राज्याबरोबरच गेली.

गंमत अशी की पहिलं पुस्तक सोडलं तर कुमाऊं आणि मोकामाघाटबद्दल त्याने बरंचसं लिहून छापलं ते तिथे, न्येरीला बसून. रामसरन, चमारी, कुंवर सिंह ही माणसं आपल्याला मिळाली ती तो निघून गेल्यावर. १९ एप्रिल १९५५ ला तो तिथेच वारला. नंतर आपल्या सरकारने त्या रामगंगेच्या रानाला त्याचं नाव दिलं, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली. त्याचं कालाढुंगीचं घर आता संग्रहालय आहे. देश सोडून गेलेल्या गोऱ्याचं नाव रानाला द्यायला इथे कुणाला अडचण वाटली नाही. शेजाऱ्यांबद्दलचा त्याचा अंदाज चुकलाच म्हणायचा.

धाकट्या भाच्याने सकाळी फोनवर विचारलं, "मावशी, त्याचं कुठलं पुस्तक आधी वाचू? वाघांचं ना?" म्हटलं, "वाघांचं नंतर. आधी माणसांचं वाच." तो जरा हिरमुसला. पुस्तक कुरिअरने पाठवतेय, मोकामाघाटच्या पानावर खूण घालून.