कोड तिसऱ्या सिलिंडरचा, दोष नळीचा: चेक इंजिनच्या दिव्याचा माझा अनुभव

गाडी आली तेव्हा तक्रार दोन वाक्यांत संपत होती. सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरतं, आणि चेक इंजिनचा दिवा जात नाही. १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आधी दुसरीकडे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड नुसता वाचून ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला होता, मग चारही प्लग. प्रत्येक वेळी कोड पुसला आणि दोन-तीन दिवसांत दिवा परत लागला.

अशा वेळी स्कॅनर हातात घेण्याआधी माझे तीन प्रश्न ठरलेले असतात. त्रास थंड इंजिनला होतो की तापल्यावर? उभ्या गाडीत की पळताना? आणि दिवा नुसता लागतो की लुकलुकतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘लुकलुकतो’ असं आलं, तर गाडी चालवत आणू नये, उचलून आणावी. लुकलुकणं म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडर न पेटणं, इतका वाढलाय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तिथे जळतंय. त्या उष्णतेने कन्व्हर्टरची आतली जाळी वितळू शकते, आणि तो भाग बहुतेक गाड्यांत भयंकर महाग असतो. इथे दिवा स्थिर होता. थरथर तापल्यावर यायची, तीही फक्त उभ्या गाडीत.

मग बॅटरी. व्होल्टेज पडलं की सेन्सरची रीडिंग भलतीच येतात आणि खोटे कोड पडतात, म्हणून हे आधी उरकून घ्यावं. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना १०.४, इंजिन चालू असताना १४.२. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेलं असतं तर पुढे न जाता तिथेच थांबायचं. मीटरची एक तार इंजिन ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून अर्थही पाहिला. स्टार्टर फिरत असताना ०.०८ व्होल्टचा फरक आला, ०.२ पर्यंत चालतं.

गाडी रात्रभर उभी होती, त्याचा एक फायदा करून घेतला. इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन केली आणि स्कॅनरवर दोन तापमानं पाहिली: कूलंटचं २७ अंश, आत येणाऱ्या हवेचं २८. थंड इंजिनात ही दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट सेन्सर चुकून उणे अंश दाखवत असेल, तर कॉम्प्युटर इंजिन गारठलंय असं समजून पेट्रोल ओततो. अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे, पण गाडी एकदा तापली की ती हातची जाते.

स्कॅनर स्टीअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे सॉकेट आणि मूळ कोडची भाषा ठरवून दिलेली आहे, म्हणून साधा स्कॅनरही बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांचे मूळ कोड वाचतो. स्कॅनर लागतच नसेल तर आधी फ्यूज बघावा; बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि चार्जिंग सॉकेटचा फ्यूज एकच असतो. सोळाव्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज हवं, चौथ्या-पाचव्यावर अर्थ. कॅन वायरिंग (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन) असेल तर बॅटरी काढून सहाव्या आणि चौदाव्या पिनमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आले तर दोनपैकी एका टोकाचा रेझिस्टर लाइनवर नाही.

दोन कोड होते. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, हा पक्का. पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. हा पेंडिंग, एकदाच दिसलेला, दिवा लावण्याइतका अजून न ठरलेला. दोन्ही कागदावर उतरवले, आणि सोबत फ्रीझ फ्रेमही. कोड पक्का होताना इंजिनाची जी स्थिती होती, तिचा हा फोटोच म्हणा: कूलंट ८८ अंश, आरपीएम ७६०, वेग शून्य, लॉन्ग टर्म ट्रिम अधिक २१, शॉर्ट टर्म अधिक ७. कोड पुसला की हा फोटोही पुसला जातो. आधीच्या प्रत्येक पुसण्यात तो असाच वाया गेला होता, याचं मला खरंच वाईट वाटतं. उत्तर त्यात अर्धं लिहिलेलं होतं.

ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने आपल्या ठरलेल्या हिशेबाच्या वर किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं, तो आकडा. लॉन्ग टर्म ही साठत गेलेली, शॉर्ट टर्म ही त्या क्षणाची; दोन्ही ट्रिमची बेरीज करून वाचायची. पाच टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त, दहाच्या पुढे गेली तर शोध घ्यावा, आणि पंचविसाच्या आसपास बहुतेक गाड्यांत कोड पडतो. इथे बेरीज २८ होती. कॉम्प्युटर चौथाई पेट्रोल जास्त टाकूनही ऑक्सिजन सेन्सर ‘अजून हवाच जास्त’ म्हणत होता.

आता खरी मेख. हवा जास्त झाल्यामुळे मिसफायर होतोय, की मिसफायरमुळे हवा जास्त दिसतेय? सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सर ऑक्सिजनच मोजतो, शेजारचं कच्चं पेट्रोल त्याला दिसत नाही. म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एका खराब कॉइलमुळेही पी ०१७१ येऊ शकतो. हे ठरवायला इंजिन तापवून स्कॅनरवर मिसफायरचा काउंटर आणि ट्रिम शेजारी-शेजारी लावले. चार मिनिटं काउंटर शून्यावर होता आणि तरी ट्रिम अधिक २५ च्या खाली आली नाही. मग तिसऱ्या सिलिंडरचे थोडे मिसफायर मोजले गेले. म्हणजे हवेचा दोष आधीचा, मिसफायर त्याच्या मागून आलेला. तरी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावून पाहिली, पाच मिनिटांचं काम. कॉइल खराब असती तर मिसफायर तिच्याबरोबर दुसऱ्यावर गेला असता. तो तिसऱ्यावरच राहिला.

यानंतर इंजिन २५०० आरपीएमवर धरलं. ट्रिमची बेरीज २५ वरून घसरत अधिक ४ वर आली आणि तिथे टिकली. मला विचाराल तर या सगळ्या तपासणीतलं सगळ्यांत मोलाचं रीडिंग हेच. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हे इंजिन सेकंदाला जेमतेम दोन ग्रॅम हवा घेतं, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, ओढ जबर असते. अशा वेळी एखाद्या फटीतून आत आलेली थोडीशी हवासुद्धा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. रेस केली की थ्रॉटलमधून कितीतरी पट हवा येते, फट मात्र तेवढीच राहते, म्हणून तिचा हिस्सा नगण्य होतो. उलट चित्र असतं, म्हणजे आयडलला ट्रिम ठीक आणि लोड वाढेल तशी चढत जाणारी, तर मी पेट्रोल पंपाचं प्रेशर, फिल्टर आणि मळलेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघायला घेतला असता. दोन्हीकडे सारखीच चढलेली असती तर इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरवरही संशय गेला असता.

एअर फ्लो सेन्सर आयडलला सेकंदाला १.६ ग्रॅम दाखवत होता, असायला हवे होते त्यापेक्षा थोडे कमी. तेही जुळतं: काही हवा त्याच्या पाठीमागून, न मोजली जाता, आत शिरत होती. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नसून फक्त मॅनिफोल्डचं प्रेशर मोजलं जातं, तिथे हे गणित असं चालत नाही. फटीतून हवा आली की प्रेशर वाढतं, कॉम्प्युटर ते पाहून पेट्रोल वाढवतो आणि ट्रिमऐवजी आयडल चढतो. एकाच दोषाची दोन गाड्यांत दोन रूपं, म्हणून गाडीत कोणता सेन्सर आहे ते आधी बघून घ्यावं.

ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत नाही ना, हेही पाहिलं. इन्टेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, प्रोपेन गॅसची थोडी फुंकर दिली, तर व्होल्टेज ०.१ वरून लगेच ०.८५ वर गेलं. बंद केली तर परत खाली. सेन्सर चांगला. हे आकडे साध्या झिर्कोनिया जातीच्या ऑक्सिजन सेन्सरचे आहेत, वाइडबँड या दुसऱ्या जातीच्या सेन्सरला लावू नयेत. सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा जोडही तपासला, कारण तिथे गळती असली तर धक्क्याधक्क्याने बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. जोड घट्ट होता.

राहिली फट शोधायची. काही जण इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनर फवारतात आणि आयडल कुठे बदलतो ते पाहतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ हा आगीशी खेळ आहे, मी तो करत नाही. स्मोक मशीन लावलं. एअर फिल्टरच्या पुढची नळी बंद केली आणि इंजिन बंद असताना सुमारे एक पीएसआय दाबाने धूर आत सोडला. दाब वाढवायचा मोह टाळावा. जास्त दाबाने चांगली सील उचलली जातात आणि नसलेली गळती दिसते.

दोन मिनिटं काहीच दिसलं नाही. थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, सगळं कोरडं. मग मॅनिफोल्डच्या मागून, खालच्या बाजूने, धुराची एक बारीक रेघ निघाली. टॉर्च आणि छोटा आरसा घातला. पीसीव्हीची नळी, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत इन्टेकमध्ये नेणारी रबरी नळी, कोपऱ्यावर वळते तिथे पोटाकडून फाटली होती. नखाएवढी चीर. वरून नळी अगदी धडधाकट दिसत होती. बोटांनी वळण थोडं दाबलं की चिरेचे ओठ उघडायचे, सोडलं की मिटायचे. तेलाने तिथलं रबर फुगून चिकट आणि गुळगुळीत झालं होतं. थंड असताना चीर मिटलेली राहायची. तापून रबर मऊ झालं आणि आतून ओढ बसली की उघडायची. थरथर तापल्यावरच का यायची, ते इथे उलगडलं.

आणि तिसराच सिलिंडर का? या इंजिनात ही नळी मॅनिफोल्डला तिसऱ्या सिलिंडरच्या रनरजवळ, म्हणजे त्याला हवा नेणाऱ्या शाखेजवळ, जोडलेली आहे. जास्तीच्या हवेचा मोठा वाटा त्यालाच मिळायचा. कॉम्प्युटर मात्र चारही सिलिंडरांना पेट्रोल सारखंच वाढवायचा; बाकी तिघांना ते थोडं जास्त व्हायचं आणि तिसऱ्याला तरीही कमीच पडायचं.

नळी नवी टाकली, मूळ आकाराची, तेल सोसणाऱ्या रबराची. रेडिएटरची साधी नळी कापून बसवली तर ती काही महिन्यांत याच जागी फुगते. क्लिपाही नव्या, कारण जुन्या उघडताना ताण गमावतात. पुन्हा धूर सोडला; कुठेही रेघ नाही. मग कोड पुसले आणि साठलेली ट्रिम रीसेट केली. हे राहिलं असतं तर इंजिन काही काळ जुन्या हिशेबाने गरजेपेक्षा जास्त पेट्रोल खात राहिलं असतं.

कोड पुसल्यावर गाडीच्या बहुतेक स्वतःच्या चाचण्या, ज्यांना मॉनिटर म्हणतात, ‘अपूर्ण’ होतात. त्या पूर्ण होईपर्यंत दिवा विझलेला असण्याला काही अर्थ नाही, कारण कॉम्प्युटरने अजून पुरतं तपासलेलंच नसतं. म्हणून दोन दिवस, सकाळच्या थंड स्टार्टपासून, गाडी चालवली: थोडी गर्दीत, थोडा वेळ एकसारख्या वेगाने, मग ब्रेक न लावता पाय काढून वेग उतरू देत. टाकी पाऊण ते पावच्या मध्ये ठेवली. भरलेल्या किंवा अगदी रिकाम्या टाकीवर बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या वाफेची चाचणी चालतच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे मॉनिटर पूर्ण झाले होते. पेंडिंग कोड नाही, तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर काउंटर शून्य, तापलेल्या इंजिनात आयडलला ट्रिमची बेरीज अधिक २, हवा सेकंदाला २.१ ग्रॅम. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरवर नजर ठेवली होती, कारण इतके दिवस मिसफायर सोसल्यावर तो शाबूत असेलच असं नाही. पुढचा सेन्सर वर-खाली होत असताना मागचा ०.६८ च्या आसपास स्थिर होता. कन्व्हर्टर वाचला होता.