समोरच्यांकडे आहे का?

मी वायरमन. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मी साताऱ्याकडे होतो. दहा-बारा दिवसांनी आमची टोळी मदतीला तिकडे पाठवली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन आळ्या, खालची आणि वरची, मध्ये सुपारीच्या वाड्या. वाड्या कसल्या, एकीवर एक आडव्या पडलेल्या पोफळी आणि त्यांच्याखाली आमच्या तारा. आधी कोयता चालवायचा, मग पक्कड.

वाटलं होतं, गाव अंगावर येईल. पण पहिल्या आठवड्यातला संताप आम्ही पोचेपर्यंत ओसरला होता. विहिरीवर मोटरऐवजी दोर-बादली आली होती, मिक्सरऐवजी पाटा. सातला जेवणं उरकून माणसं ओटीवर बसायची. लॉकडाऊनमुळे मुंबईहून आलेली पोरंसुद्धा. मोबाईल एका जनरेटरवाल्याकडे दोन दिवसांआड चार्ज व्हायचा, तोही पुरवून पुरवून वापरायचा. वरच्या आळीतल्या एक आजी म्हणाल्या, "पहिले चार दिवस हात सारखा बटनाकडं जायचा रे. आता नाय जात." त्यांच्या दारामागच्या बटनाला खरंच कोळ्याचं जाळं लागलं होतं.

वरच्या आळीत क्रेन चढत नव्हती. लोखंडी पोल दोरखंड लावून वीस-वीस जण चिखलातून ओढायचे. आमच्याबरोबर सगळ्यात पुढे एक दादा असायचा, चाळिशीचा. पावसात भिजून आम्हालाच चहा आणून द्यायचा.

२७ जूनला खालच्या आळीचं काम झालं. वरचे चार पोल अजून बाकी होते. मी ठरवलं, जेवढं चालू होतंय तेवढं तरी करू. डीपीजवळच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, पोलवर चढून वरच्या आळीकडे जाणारे जंपर, म्हणजे तारांना जोडणारे तुकडे, सोडवून ठेवले, खाली उतरलो, डीपीचे फ्यूज टाकले. साडेसात वाजले असतील. खालची आळी एकदम उजळली, पोरांनी आरडाओरडा केला, कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने लागला. चोविसावा दिवस होता. आम्ही पण खूश.

दहा मिनिटांत वरच्या आळीतली माणसं डीपीपाशी जमली. सगळ्यात पुढे तोच दादा. "पोल आम्ही ओढले आणि लाईट त्यांना?" मी जंपरचं समजावलं. पोलच उभे नाहीत तर तार कशाला बांधू? ऐकायला कुणी तयार नव्हतं. "आमच्याकडे नाही तर त्यांचीही बंद करा," असंही एकजण बोलला. दोन आठवडे ज्या ओटीवर गप्पा मारत बसायचो, तिथून त्या रात्री पाण्याचा तांब्याही आला नाही. कालपर्यंत अंधार होता तो सगळ्यांचा होता. आता खालचे दिवे त्यांच्या अंगणातून दिसत होते.

आजी तेवढ्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, तर म्हणाल्या, "रात्री झोप नाय लागली बाबा. कालपातूर लागत होती."

चार पोलांना तीन दिवस लागले. ते तीन दिवस आधीच्या दोन आठवड्यांपेक्षा आम्हाला जड गेले. पोल ओढायला माणसं आली, पण मुकाट्याने. तांत्रिकदृष्ट्या माझं काही चुकलं नव्हतं. आमचे साहेब आजही म्हणतात, निम्म्या गावाला कशाला ताटकळत ठेवायचं? तरी आज मला विचाराल तर मी तीन दिवस थांबलो असतो आणि दोन्ही आळ्यांची लाईट एकदम चालू केली असती. खालच्यांना चोवीस दिवस निभले, तर सत्तावीसही निभले असते.

वरची लाईट आली तेव्हा दादाने हात जोडले. बोलला काही नाही. आम्ही सामान आवरून निघालो तेव्हा दोन्ही आळ्यांतल्या ओट्या रिकाम्या होत्या. आतून टीव्हीचे आवाज येत होते.

परवा साताऱ्यात रात्री लाईट गेली. उकाड्याने जाग आली. एवढा वायरमन मी, पण फोन न उचलता आधी गॅलरीत गेलो आणि समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं. तिथंही अंधार होता. आत येऊन झोपलो.