आळीत घरं नकोत, असं मी कधी म्हटलं नाही

भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दातांच्या दवाखान्यातही एकच प्रश्न आला. "काकू, लोकांना राहायला घरं नकोत का? तुम्ही त्या इमारतीच्या विरोधात का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

आमची वाई. कृष्णेच्या काठाने घाट, घाटांमागे आळ्या आणि आळ्यांत एकमेकांना खेटून उभे वाडे. आमच्या शेजारचा वाडा गेल्या चैत्रात पाडला. खाली पार्किंग आणि वर पाच मजले, अशी योजना असल्याचं कळलं. मी गप्प बसले असते कदाचित, पण आमची पूर्वेची भिंत उघडी पडली.

ती सामाईक भिंत. आमच्या बाजूने माजघराची, पलीकडून त्यांच्या स्वयंपाकघराची. राडारोडा उचलल्यावर पाहिलं, तर त्यांच्या दोन देवळ्या भिंतीत तशाच होत्या. आत दिव्याची काजळी, खाली चुलीच्या धुराने काळवंडलेला पट्टा आणि एका खुंटीला अडकलेला दोरीचा तुकडा. त्या घरातल्या आजींनी मला पुरणाचं वाटण शिकवलं ते तिथेच. जोतं काळ्या दगडाचं, वर मातीचं बांधकाम. पिढ्यान् पिढ्या त्या भिंतीला पाऊस ठाऊकच नव्हता, कारण दोन्हीकडून घरांनी तिला पोटाशी धरलं होतं. ज्येष्ठात पोपडे सुटले, आषाढात भिंत फुगली. ताडपत्री लावली. रात्री वाऱ्याने ती फडफडली की आम्ही दोघं उठून दिवा लावून बसायचो.

तेव्हा मला कळलं की आळी म्हणजे सुट्या घरांची रांग नाही. एक वाडा काढला की शेजारच्याचा आधार जातो. तिथे तळघरासाठी किंवा मोठ्या खांबांसाठी खोल खणलं, तर मातीत बांधलेल्या जुन्या भिंती तडकतात. नकाशावर प्रत्येक मिळकतीची हद्द वेगळी दिसते, पण भिंतींना ती हद्द माहीत नसते.

नदीचंही तेच. ढोल्या गणपतीचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ मध्ये अगदी नदीला लागून बांधलं. पुढून दर्शन घेऊन परत फिरू नका, एकदा मागे जाऊन भिंत बघा. ती माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून. बांधणाऱ्याने आधी नदीचा स्वभाव विचारात घेतला आणि मग दगड रचला. आज आपण निळी पूररेषा, लाल पूररेषा आखतो, एक पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. मग घाटाजवळच्या आळीत तळमजल्यावर काय असावं, हा प्रश्न विचारला तर त्यात विकासाला विरोध कुठे आला?

ओट्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. दोन्ही बाजूंना ओटे, मधे रस्ता. संध्याकाळी बायका शेंगा सोलत बसतात, पोरं ओट्यावरून ओट्यावर उड्या मारतात. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने होतो, तेव्हा पंगतीत वाढणारी माणसं याच ओट्यांवरून ये-जा करतात आणि म्हाताऱ्यांना टेकायला तेच ओटे. नव्या इमारतीत तळाला गाड्या आणि लोखंडी फाटक. रस्त्याकडे तोंड करून बसणारं माणूसच उरत नाही. एका बाजूचे चार ओटे गेले की त्या भागात संध्याकाळी कुणी थांबत नाही, हे मी दुसऱ्या आळीत पाहिलंय.

आता मालकांबद्दल. शेजाऱ्यांनी वाडा विकला यात त्यांचं काहीच चुकलं नाही. वारस अकरा, कुणी पुण्यात, कुणी अमेरिकेत. खालच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू, त्यांचं भाडं इतकं कमी की त्यात वर्षाची कौलंही फिरवून होत नाहीत. सागवानी तुळईला वाळवी लागली तर सुतार मिळत नाही, मिळालाच तर परवडत नाही. वाडा जपा, असं सांगणारे पुष्कळ, पण खर्चात वाटा कुणी उचलत नाही. याचा राग मला बिल्डरपेक्षा जास्त येतो.

"कायदा काय करतो?" हाही प्रश्न येतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण राहता वाडा स्मारक नसतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात जुन्या इमारतींच्या महत्त्वानुसार श्रेणी आहेत आणि एखादा अख्खा परिसरही यादीत येऊ शकतो. राज्याच्या २०२० च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. मात्र आधी जपायच्या वास्तूंची यादी हवी. यादीत नाव नसेल तर आमची आळी आणि हायवेजवळचा मोकळा प्लॉट यांत नियमाला फारसा फरक दिसत नाही. शिवाय एखाद्या इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवत नाहीत. हरकत घेण्याची खरी वेळ गावाच्या विकास आराखड्याचं प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध होतं तेव्हाची, आणि त्या दिवसांत आम्ही सगळे झोपलेलो होतो. पुढच्या वेळी झोपायचं नाही, म्हणून आळीतली पाच-सहा जणं मिळून प्रत्येक वाड्याची नोंद करतोय. फोटो, चौकाचं माप, मिळकत पत्रिका. यादी करा म्हणून अर्ज द्यायचा तर हातात काहीतरी हवं.

त्या बिल्डरला आम्ही भेटलो. बांधू नका म्हटलं नाही. रस्त्याकडची बाजू दोन मजल्यांची ठेवा, उंच मजले मागच्या बाजूला घ्या. जुन्या जोत्याचे दगड तिथेच वापरा, ओटा ठेवा, गाड्यांची सोय आळीबाहेर करा. आणि खणण्याआधी आमच्या भिंतीला आधार द्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ओट्याचं कबूल केलं, उंचीचं नाही. भिंतीला आतून लाकडी टेकू लागलेत, तेही आमच्याच खर्चाने.

माझा मुलगा म्हणतो, आई, तूही विकून टाक, पुण्याला चल. त्याची काळजी खरी आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, आधी हा पावसाळा जाऊ दे. गवंडी दसऱ्यानंतर येतोय, चुना भिजत घातलाय. त्या दोन देवळ्या बुजवू नकोस, असं त्याला बजावून ठेवलंय.