पोट शनिवारी का दुखत नाही?

शाळेच्या डायरीत लाल शाईचे शेरे जुलैपासूनच यायला लागले. 'वर्गात लक्ष नसते.' 'लेखन अपूर्ण.' 'सारखा जागेवरून उठतो.' मल्हार पहिलीत. पुढे शेऱ्यांच्या जोडीला पोटदुखी आली. गणवेश दिसला की पोटात कळ, व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न ऐकला की रडारड. गणपतीच्या सुट्टीनंतर तर जिन्याच्या कठड्याला मिठी मारून बसायला लागला. तिथून त्याचे हात सोडवून खाली नेताना शेजाऱ्यांची दारं किलकिली व्हायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दीर म्हणाले, ''दादा पण असाच हूड होता, शाळा बुडवून विहिरीवर जायचा. वाया गेला का?'' जाऊबाईंच्या मते दोष मोबाईलचा, समोरच्या काकूंच्या मते माझ्या नोकरीचा. मी पतसंस्थेत कॅशियर आहे आणि मल्हारचे बाबा एमआयडीसीत शिफ्टला असतात. त्यांच्या शिफ्टला मात्र कुणी दोष दिला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) हा शब्द पहिल्या भेटीत उच्चारला, पण लगेच बाजूला ठेवला. ''आधी शरीर बघू,'' म्हणाले. ऐकू नीट येतं का, दिसतं का, रक्त कमी आहे का, रात्री घोरतो का. घोरत होता. तोंड उघडं टाकून झोपायचा आणि आमच्या घरी मालिका संपेपर्यंत, म्हणजे साडेदहापर्यंत, दिवेच बंद व्हायचे नाहीत. झोप पुरली नाही की मोठी माणसं पेंगतात. लहान मुलं उलट जास्त उड्या मारतात आणि त्यांचं चित्तही ठिकाणावर राहत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी थोड्या सुजल्याचं सांगून नाकात मारायचा स्प्रे दिला. टीव्ही नऊला बंद झाला. यावरून घरात जे महाभारत झालं ते इथे लिहीत नाही.

कानांची तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट झाली. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात, त्यांच्या यादीत शिकण्यातल्या अडचणी आणि एडीएचडीसुद्धा आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी नावाचं केंद्र असतं. लोक हजारो रुपये मोजून मोठ्या शहरात धावतात आणि गावातलं हे दार कुणाला माहीतच नसतं. आम्हालाही शाळेत आलेल्या पथकातल्या नर्सताईंनी चिठ्ठी दिली म्हणून कळलं. कान, डोळे उत्तम निघाले.

डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं होतं. पोट दुखेल त्या तारखेला कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारायची. बाकी काही लिहायचं नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी फुल्या मारत गेले आणि दिवाळी जवळ आली तेव्हा ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेले. रविवार कोरे, ते अपेक्षितच होतं. पण शनिवारही कोरे होते. शनिवारी तर शाळा असते! सकाळची, अर्ध्या दिवसाची: कवायत, गाणी, चित्रकला. त्या दिवशी हा गडी न कण्हता व्हॅनमध्ये बसत होता आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण त्रास होतो तेव्हाच आपण बघतो.

म्हणजे शाळा नको होती असं नाही. शाळेतलं काहीतरी नको होतं. काय, ते विचारून उपयोग नव्हता. पावणेसहा वर्षांच्या मुलाला 'का जायचं नाही?' विचारलं की 'माहीत नाही' एवढंच येतं. डॉक्टर म्हणाले, शाळा-शाळा खेळा आणि त्याला बाई होऊ द्या.

मल्हार बाई झाला. माझी ओढणी खांद्यावर घेऊन त्याने कपाटाच्या दारावर खडूने रेघोट्या ओढल्या. मी समोर पाटावर, वही घेऊन. ''पटापट उतरवा. मी पुसणार आहे.'' मी मुद्दाम सावकाश लिहू लागले. त्याने दोन अक्षरांतच फडक्याने दार पुसलं, माझ्या वहीत डोकावला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, ''झालं नाही? मग सुट्टीत बाहेर नाही जायचं. डबा इथंच खा.''

तिथेच सगळं होतं. फळ्यावरून वहीत उतरवून घेणं मोठ्यांना किरकोळ वाटतं. त्यात मान वर करायची, ओळ शोधायची, अक्षर डोक्यात धरायचं, मान खाली घालायची, वहीतली आपली जागा शोधायची, हात चालवायचा आणि तोवर डोक्यातलं अक्षर टिकवायचं, एवढे टप्पे आहेत. ज्याचं लक्ष मध्येच सटकतं तो प्रत्येक टप्प्यावर पहिल्यापासून सुरू करतो. मल्हारचं रोज अर्धवट राहायचं आणि ते मधल्या सुट्टीत पुरं करायला लावायचे. ज्या पोराला पळण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच पळणं बंद. मग दुपारच्या तासांना तो आणखी चुळबुळ करायचा आणि डायरीत आणखी एक शेरा यायचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की शिक्षा म्हणून मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये. आपल्याकडे ती सर्रास काढून घेतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

दिवाळीनंतर पुण्याला विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची, म्हणजे मुलांची वाढ, वागणं आणि शिकणं बघणाऱ्या डॉक्टरांची, वेळ मिळाली. एसटीत मल्हार ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि स्वारगेट येईपर्यंत हलला नाही. गिअर कधी बदलतात ते बघत होता. समोरून येणारी गाडी शिवशाही की हिरकणी हे लांबूनच सांगायचा. जाताना खंबाटकीचा बोगदा लागला, येताना घाट का लागला, हेही त्याला हवं होतं. मल्हारचे बाबा म्हणाले, ''बघ, दोन तास लक्ष आहे की!'' मी तेच पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. आवडीच्या गोष्टीत अशी मुलं तासन्‌तास रमतात. नावडतं, संथ काम समोर आलं की लक्ष तिकडे वळवणं आणि टिकवणं जमत नाही. त्यामुळे एसटीतल्या शांतपणावरून काहीच सिद्ध होत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.

त्यांनी प्रश्नावल्या दिल्या, एक आमच्यासाठी, एक वर्गशिक्षिकेसाठी. निकष आम्हाला उलगडून सांगितले. दुर्लक्षाची नऊ लक्षणं, अतिचंचलता आणि उतावीळपणाची नऊ. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा, किमान सहा महिने, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात, आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त शाळेतच दिसत असतील तर आधी शाळेत काय चाललंय ते बघायचं.

मग त्यांनी जन्मतारीख विचारली. मल्हार डिसेंबरचा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, म्हणजे जूनमध्ये तो साडेपाचच वर्षांचा होता आणि शेजारच्या बाकावरचा जानेवारीचा मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. या वयात वर्षभराचा फरक प्रचंड. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. नातेवाइकांपैकी एकानेही आम्हाला हे सांगितलं नव्हतं. उलट 'वर्ष वाचलं' म्हणून प्रवेशाच्या वेळी पेढे खाल्ले होते.

एडीएचडी आहे की नाही, हे निदान त्यांनी उघडं ठेवलं. सहाच्या आतल्या मुलांना पहिला उपाय म्हणून औषध देत नाहीत, आईबापांना शिकवतात. पुढे खरंच गरज पडली तर औषधाला घाबरायचं कारण नाही, असंही स्पष्ट सांगितलं. लेखनातल्या अडचणीमागे अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातलीच मूळ अडचण, आहे का, हे इतक्या लवकर ठरत नाही. तिचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पुढे परीक्षेत सवलतीची वेळ आलीच तर हा फरक आडवा येऊ शकतो, म्हणून आताच माहीत असलेला बरा.

आता शाळा. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा पाजून सांगितलं, ''आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, दुसरीकडे बघा.'' शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही. त्याची प्रत माझ्या पर्समध्ये होती. काढली नाही. पोर रोज सहा तास त्यांच्या ताब्यात असतं. कायदा काढला की बोलणं संपतं. म्हटलं, ''मला वर्गाच्या बाईंना पंधरा मिनिटं भेटू द्या.''

वर्गाच्या बाई वाईट नाहीत. अठ्ठेचाळीस मुलं सांभाळतात. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मी तक्रार केली नाही, कालनिर्णयचं पान पुढे ठेवलं. शनिवारच्या कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ''कवायतीला पहिल्या रांगेत असतो हो तो.'' त्यानंतर मागण्या मांडणं सोपं गेलं. खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवणं. फळ्यावरचं निम्मंच उतरवणं, बाकीचं चिठ्ठीवर घरी पाठवणं. मधली सुट्टी काहीही झालं तरी काढून न घेणं. आणि सकाळी आल्या आल्या एक काम: हजेरीपट ऑफिसात नेऊन द्यायचा. हे शेवटचं पुण्याच्या डॉक्टरांनी सुचवलेलं. वर्गात शिरताना मुलाला काहीतरी करायचं असलं की उंबरठा ओलांडणं जमतं. मल्हार आता व्हॅनमधून उतरल्यावर धावत जातो, कारण उशीर झाला तर हजेरीपट दुसरा कुणी नेईल.

घरी काय केलं ते थोडक्यात. एका वेळी एकच सूचना, तीही स्वयंपाकघरातून ओरडून नाही. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. 'आवर लवकर' हे वाक्य बंद, कारण त्यात नक्की काय करायचं ते नसतं. दात, अंघोळ, गणवेश, नाश्ता, दप्तर अशी त्याचीच चित्रं कपाटावर चिकटवली. प्रत्येक कामाला लगेच एक चिंचोका वाटीत. ठरलेले चिंचोके झाले की बाबांबरोबर स्टँडवर जाऊन गाड्या बघायच्या. सासूबाई आधी हसल्या, आता चिंचोक्यांचा हिशेब त्याच ठेवतात आणि माझ्यापेक्षा कडक आहेत. पोट दुखतंय म्हणून घरी राहिलाच तर अंथरुणात पडायचं, टीव्ही नाही, आजीचे लाड नाहीत. ताप, उलटी आहे का हे मात्र दर वेळी खरोखर बघायचं. नेहमीचं नाटक म्हणून उडवून लावायचं नाही.

ब्रेन जिम, मिडब्रेन, अबॅकस, स्मरणशक्तीची सिरपं, सगळ्यांची पत्रकं घरात येऊन पडली. डॉक्टरांनी सुचवल्याशिवाय काही घेतलं नाही. साखर बंद करायचाही आग्रह झाला. साखरेने मुलं चंचल होतात हे नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही, तेव्हा शिरा चालू आहे.

दुसऱ्या सत्रात फुल्या विरळ झाल्या, संपल्या नाहीत. बाई आजारी पडून बदली शिक्षिका आल्या तो आठवडा पूर्ण गेला, पुन्हा कठडा, पुन्हा शेजाऱ्यांची दारं. तेव्हा ठरवलं की हे सगळं एका बाईंच्या चांगुलपणावर टांगून चालणार नाही. एक पान लिहून काढलंय: काय जमतं, काय अडतं, कशाने मदत होते, डॉक्टरांचा फोन. बाईंनी स्वतःच्या अक्षरात खाली दोन ओळी घातल्या आणि प्रश्नावलीही दुसऱ्यांदा भरून दिली. मे महिन्यात ती घेऊन पुण्याला जायचंय. आता मल्हारला सहा पूर्ण झालीत, या वेळी कदाचित निदान होईल, कदाचित नाही. पानाची एक झेरॉक्स दुसरीच्या बाईंसाठी काढून ठेवलीय, जूनच्या पहिल्या दिवशी द्यायला.