बोटावरची शाई आणि नोंदवहीतली कविता

2011 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. 3 ते 5 तारखेला राज्यभर पटपडताळणी होती, म्हणजे पटावर नाव असलेली मुलं खरंच शाळेत आहेत का ते मोजणं. त्याआधी नांदेड जिल्ह्यातल्या पडताळणीत बोगस पट उघडा पडला होता, म्हणून सगळ्या महाराष्ट्रातली मुलं एकाच वेळी मोजायचं ठरलं. एकच पोरगं दोन शाळांत दाखवता येऊ नये यासाठी मोजून झालेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. मी तेव्हा बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर होतो. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता, आदल्या वर्षी तिसरीलाही तीच मुलं होती.

शाळेचा पट 64. परिपाठाला हजर 39.

दसरा तोंडावर आलेला आणि सोयाबीन काढणीला. शेंगा वाळल्या की एका उन्हात तडकतात, दाणा मातीत जातो. त्या आठवड्यात घरातलं चालतंफिरतं प्रत्येक माणूस रानात असतं, पोरंसुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, गाडी काढा. सापडतील तेवढी घेऊन या."

मी बांधाबांधाने फिरलो. आमच्या मनात भीती एकच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे तिसरा. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. पट घसरला की एक जण अतिरिक्त ठरणार, आणि तिघांत धाकटा मी. हे मी मोकळेपणाने सांगतो, कारण पुढचं सगळं त्या भीतीतूनच आलेलं आहे.

ओढ्याच्या पलीकडे माझ्या वर्गातली एक मुलगी आजीबरोबर काढणी करत होती. आजी म्हणाली, "न्या गुर्जी, पर दुपारी सोडा. तिचा बाप उचल घेऊन बसलाय, दिवाळी झाली की जायचंय." आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे, आणि मग नोव्हेंबर ते मार्च कारखान्याच्या फडावर. लेकरं बरोबर जातात. मागच्या हंगामात ही मुलगीही गेली होती.

गाडीवर तिला पुढे बसवून आणलं तेव्हा पथक येऊन बसलेलं होतं. वऱ्हांड्यात रांग लावली. तिचा नंबर आला आणि पथकातल्या साहेबांनी तिचं बोट धरलं. सोयाबीनच्या वाळल्या काड्यांनी बोटं ओरबाडलेली, नखाच्या कडेला बारीक चिरा. त्या चिरेत शाई गेली. झोंबलं असणार, तिने ओठ आवळले, पण हात मागे घेतला नाही.

दुपारपर्यंत आकडा 57 वर गेला. पुढची मुलं येईपर्यंत साहेबांनी सहज म्हणून टेबलावरची माझी गेल्या वर्षीची नोंदवही उघडली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं ते पहिलंच वर्ष होतं, शासन निर्णय ऑगस्ट 2010 चा. तिसरी-चौथीला आकारिकला, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाला 60 गुण, संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला 40. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. साहेबांनी एका नोंदीवर बोट ठेवून नाव वाचलं, ती मुलगी समोरच बसलेली. म्हणाले, "अगं, सरांनी लिहिलंय, 'कविता तालासुरात म्हणते.' म्हण बघू."

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. म्हणाली, "गुर्जी, ती कविता मी नव्हते तवा झाली."

साहेब "बरं, बस" म्हणाले आणि वही मिटली. त्यांचं काम डोकी मोजायचं होतं. त्यांनी मोजली, सह्या घेतल्या आणि जीप पुढच्या गावाला गेली. कागदावर आमची शाळा सुटली होती.

मी मात्र संध्याकाळी ती वही आणि हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवून बसलो. नोव्हेंबर ते मार्च ती मुलगी हजेरीपत्रकात हजर होती. रोज. मीच लावली होती ती हजेरी. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरायचं, आणि शाळाबाह्य मूल म्हणजे चौकशी, खुलासा, पट. म्हणून 'येईलच की मार्चात' असं म्हणत मी महिने भरत गेलो. हजेरी भरली की आकारिकचे गुण भरावे लागतात, गुण भरले की नोंदी लागतात. तिची श्रेणी ब-2 निघाली होती. मी शिकवलं नव्हतं, ती शिकली नव्हती, आणि तिची श्रेणी तयार होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती. आईबाप फडावर, मूल गावात आजीकडे किंवा नातेवाइकाकडे, जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत. त्यासाठी पंचायत समितीला स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांची यादी द्यावी लागते. आमच्या शाळेने असा प्रस्ताव कधी दिलाच नव्हता. देणार कसा? आमच्या नोंदीप्रमाणे कुणी गाव सोडलंच नव्हतं. मी लावलेल्या हजेरीनेच तिच्या तोंडची भाकर अडवली होती. आजही कुणी तरुण शिक्षक 'कशाला गैरहजर दाखवायचं, बिचारीचं नुकसान' म्हणतो, तेव्हा मी त्याला हेच सांगतो.

दसऱ्यानंतर मुख्याध्यापकांशी बोललो. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "करू. पदाचं बघून घेऊ." आम्ही घरोघर फिरून यादी केली, 19 मुलं निघाली. प्रस्ताव गेला, पण त्या हंगामाला उशीर झालेला होता. मंजुरी पुढच्या वर्षी आली आणि त्या वर्षी 14 मुलं गावात राहिली.

ती मुलगी मात्र 2011 च्या त्या हंगामाला गेलीच. दिवाळीनंतर पहाटे ट्रॅक्टर भरत होता, मी गेलो होतो. भांडी, गोधड्या, शेळी, आणि वर ती बसलेली. तिने हात हलवला तेव्हा नखावर शाईचा काळा पट्टा अजून होता, नख वाढल्याने थोडा वर सरकलेला. शाळा उघडल्या दिवशी मी तिच्या नावापुढे पहिल्यांदा गैरहजेरी लावली आणि शेऱ्यात कारखान्याच्या तालुक्याचं नाव लिहिलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. तिसरीचं पुस्तक काढून आम्ही दोघं वऱ्हांड्यात बसलो. ती अक्षरावर बोट ठेवून वाचत होती, जोडाक्षर आलं की थांबत होती. त्या दिवशी मी वहीत लिहिलं : 'नोव्हेंबर ते मार्च गैरहजर. आज तिसरीची कविता पहिल्यांदा वाचली. चार ओळी.'