नऊ जोडले तरी शंभरच

१२ व्होल्टचा पॉवर सप्लाय जुळवला होता. भार टाकल्यावर, म्हणजे प्रवाह ओढल्यावर, व्होल्टेज टिकतं का, एवढंच बघायचं होतं. खोक्यात १०० ओहम रोधाच्या दहा रेझिस्टरची (प्रवाह अडवणाऱ्या छोट्या भागांची) पट्टी सापडली. प्रत्येकावर रंगाचे पट्टे: तपकिरी, काळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. त्यातला एक तोडून सप्लायच्या दोन टोकांना लावला. १२ भागिले १००, म्हणजे १२० मिलिअँपिअर, हिशेब तोंडपाठ. थोड्याच वेळात वास आला, रंगाचे पट्टे काळवंडले आणि पट्टीत उरले नऊ.

१२ व्होल्ट गुणिले ०.१२ अँपिअर म्हणजे १.४४ वॅट. रेझिस्टर पाव वॅटचा. ओहम बरोबर होते, पण एवढी उष्णता सोसणं त्या बिचाऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

जास्त वॅटचा रेझिस्टर जवळ नव्हता. शाळेत एकसर आणि समांतर जोडणी शिकताना प्रश्न ठरलेला असायचा, ‘एकूण रोध किती?’ इथे रोध आधीच ठरला होता, १००. उष्णता वाटून घ्यायला भिडू वाढवायचे होते. दोन एकसर जोडले की २००, आणि अशा दोन जोड्या समांतर लावल्या की पुन्हा १००! कागदावर हे फार आवडलं. पण प्रत्येकावर ६ व्होल्ट येत होते, म्हणजे ०.३६ वॅट. तेही जास्तच. मग तीन-तीनच्या तीन रांगा मांडल्या. रांगेचा रोध ३००, प्रत्येकाच्या वाट्याला ४ व्होल्ट आणि ०.१६ वॅट. आणि लागणार होते नेमके नऊ.

पडताळा घेताना जुनी खोड नडली. १/३०० तीनदा मिळवलं, ०.०१ आलं, आणि क्षणभर वाटलं की हे तर शॉर्ट सर्किटच झालं. शेवटी उलटं करायचं, म्हणजे १ भागिले ०.०१, राहिलं होतं. तेव्हापासून सूत्राआधी अंदाज बांधतो: समांतर जोडणीत उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान येणार, आणि तिन्ही सारखे असतील तर एकाचा तिसरा हिस्सा.

नऊही ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर, खोचले आणि सप्लाय लावण्याआधी मल्टिमीटरने मोजलं. १५०! सोनेरी पट्टा पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतो, दीडपट नाही. एकेक रेझिस्टर उपटून बघणार होतो, तेवढ्यात त्या आकड्यानेच चूक सांगितली. ३०० च्या दोनच रांगा समांतर असतील तर १५० येतात, म्हणजे तिसरी कुठेतरी तुटलेली. मधल्या रांगेत एकाचा पाय भोकात पुरता बसला नव्हता. दाबल्यावर ९९ दिसले.

सप्लाय जोडून पाच मिनिटं नाक लावून बसलो. वास नाही. रेझिस्टर गरम झाले होते, पण पट्ट्यांचे रंग शाबूत. व्होल्टेज ११.९ वर स्थिर होतं. बघायचं होतं ते एवढंच.